कंदीलवालीचा शेवट

ये गं मने, अशी जवळ बस. तू पुण्याला आणि मी इथं रहिमतपुरात, हे मला कळतं. पण समोर कुणीतरी मांडी घालून बसलंय असं धरल्याशिवाय माझं पेन चालत नाही. शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं ऐकून आणि बोलून शिकलेलं, तेव्हा लिहितानाही मी बोलतेच. आणि तो फोन पालथा ठेव आधी. त्याच फोनवरून परवा तू मला केवढा मजकूर पाठवलास. जपानी कार्टूनचा तो नवा सिनेमा, आणि ज्याच्यावरून तो काढला ती जुनी टीव्हीवरची मालिका. रंग कुणाचे बरे, पाणी कुणाचं बरं, शेवट बदलला ते चांगलं झालं की वाईट. चष्मा पुसून पुसून वाचलं मी. एवढ्या ओळींत ‘आजी, गुडघा कसा आहे’ ही एक ओळ नव्हती, ते असो. माझा राग त्याच्यावर नाही. तू शेवटी लिहिलंस, ‘तुला नाही कळायचं, हे वाद तुमच्यात नव्हते,’ त्याच्यावर आहे. अगं, हा वाद आपल्याच गल्लीत झाला. एका माणसानं तो स्वतःशीच घातला आणि हरला.

तुला ग्यानू पेंटर आठवतो का? सुट्टीत यायचीस तेव्हा तुझ्या दप्तरावर रंगानं नाव घालून दिलं होतं त्यानं. उंच, खांद्यात वाकलेला, नखांच्या कडा कायम निळ्या-लाल. अंगाला टर्पेंटाइनचा वास. आंघोळ करून, अष्टगंध लावून आला तरी तो वास त्याच्या आधी दारात यायचा. खरं नाव ज्ञानदेव, पण गावानं ग्यानूच केलं. आपल्या घराला त्याचं घर लागून. तुझ्या आजोबांना तो दादा म्हणायचा, मला वैनी, आणि मी त्याला भावजी.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातनंच झालं. तो पाटी लिहायला शेवटाकडून सुरुवात करायचा. आधी भिंतीवर खडूचा दोरा झटकून रेघ पाडायची. दोऱ्याचं दुसरं टोक कितीदा मी धरलंय. मग उजवीकडे जाऊन शेवटचं अक्षर लिहायचं. मग डावीकडचं पहिलं. मग मधली गर्दी. एकदा शाळेच्या भिंतीवर असाच उजवीकडून सुरू झाला तेव्हा हेडमास्तर धावत आले.

“अहो पेंटर, हे काय उर्दू लिहिताय काय?”

“गुरुजी,” हा शांतपणे म्हणाला, “शेवट बसला की बाकीचं मावतंय. तुमी वर्गात पोरांस्नी आधी सुरुवात शिकवता, म्हून परीक्षेत वेळ पुरत न्हाई त्यांस्नी.”

हेडमास्तर हसले नाहीत, पण उन्हात शेवटपर्यंत उभे राहिले. वाक्य भिंतीवर असं बसलं की दोन्हीकडची जागा फूटपट्टीनं मोजली तरी सारखी.

बोलायचा मात्र कमी. सकाळी बाहेर पडला की दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहायची आणि घरी येऊन गप्प बसायचं. बायको शालन, माहेर इस्लामपूरचं, बोलकी बाई. हा दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, तरी ती एका दिवाळीला माहेरी गेली ती आलीच नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला एकदा म्हणाली होती, “वैनी, भिताडाशी बोलावं तर ते तरी घुमतंय.” दोन वर्षांनी तिनं तिकडंच दुसरं घर केलं. गल्लीतले म्हणायचे, सगळ्या गावाच्या पाट्या लिहिल्या गड्यानं, घरच्या पाटीवरचं नाव काय टिकलं नाही. तोंडावर म्हणायचे. तो ब्रश धूत राहायचा.

मागं राहिली उज्वला. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की बापाच्या रंगाच्या डब्यावर येऊन बसायची. एकदा कोरेगावकडचा एक जण उसाची नवी ट्रॉली घेऊन आला. म्हणाला, मागच्या फळीवर ‘आईची पुण्याई’ लिवा.

ग्यानू म्हणाला, “‘वडलांची कृपा’ लिवतो की.”

“आवं, वडलांनी काय दिलं न्हाई. आईचंच लिवा.”

“फळी ल्हान पडतीया.”

“फळी ल्हान? आवं बारा पोती बसत्यात त्या फळीआड.”

ग्यानू ब्रश हातात घेऊन नुसता उभा. मी दारातनं बघतेय. तेवढ्यात उज्वला डब्यावरनं उतरली, म्हणाली, “आबा, द्या हिकडं. मी लिवते आई.” आणि लिहिलं तिनं. वाकडं. पुढचं मग त्यानं पूर्ण केलं. ट्रॉलीवाला भला, तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या तसंच.

आता तुझ्या मालिकेकडे येते. तुझ्या आजोबांनी फौजेच्या कँटीनमधनं रंगीत टीव्ही आणला होता. दुपारी साडेचारला त्यावर ते जपानी कार्टून हिंदीतनं लागायचं. त्याचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही. गल्लीत आम्ही त्याला ‘कंदीलवाली’ म्हणायचो. तुला गोष्ट माहीत आहे, पण इतर कुणी वाचलं तर कळावं म्हणून सांगते. नदीकाठी एक पोर राहते. आई नावेत बसून पल्याड गेलेली, ‘येते’ म्हणून. पोर रोज संध्याकाळी घाटावर कंदील लावते, म्हणजे आईला काठ दिसावा. रोज नाव येते, रोज कुणीतरी दुसरंच उतरतं, त्या उतरलेल्या माणसाची गोष्ट म्हणजे तो भाग. आई काही उतरत नाही.

उज्वला टीव्हीपुढं बसायची आणि ग्यानू काम टाकून तिच्या मागं भिंतीला टेकून. घरात न बोलणारा हा माणूस इथं बोलायचा. “वैनी, पाचच लाटा हायत बघा. सहावी आली की पयलीच असती. हातानं काढल्यात, किती काढणार बिचारा.” कधी म्हणायचा, “आभाळ ब्रशनं वढलंय. केस चिकाटलाय ब्रशचा, थितं बघा, डाव्या कोपऱ्यात.” मला काही दिसायचा नाही केस. हिंदी बोलणं संपलं तरी त्या पोरीचं तोंड हलत राहायचं, त्यावर उज्वला हसायची आणि हा म्हणायचा, “हसू नगं. तिला आजून काय तरी म्हणायचं असंल.”

त्याचा आवडता भाग कोणता माहीत आहे? ज्यात काहीच होत नाही तो. पाऊस असतो, नाव येत नाही, आणि ती पोर अख्खा भाग कंदिलाची काच राखेनं पुसत बसते. संपल्यावर तुझे आजोबा म्हणाले, “ह्यात काय बघायचं, ग्यानू?” तो म्हणाला, “दादा, काच निघाली की सोच्छ.”

आणि एका सोमवारी साडेचारला त्या जागी दुसरंच काहीतरी सुरू झालं. माकडं, गाड्या, आरडाओरडा. मंगळवारी तेच. ग्यानू केबलवाल्याकडं गेला, तो म्हणाला वरूनच बंद केलंय. मग यानं मुंबईला, त्या टीव्हीवाल्यांच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. काय सुंदर अक्षर त्या कार्डावर, लग्नपत्रिकेवर नसतं असं. ‘तरी आपण कृपा करून त्या मुलीचे पुढे काय झाले ते कळवावे.’ उत्तर कसलं येतंय.

उज्वला रोज विचारायची, “आबा, पुढं काय झालं असंल?” ती कार्टूनमधल्या पोरीचं विचारत नव्हती, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

तेव्हा त्यानं ते काम हातात घेतलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर त्यानं उरलेली कंदीलवाली काढायला घेतली. आणि मने, त्याच्या रीतीप्रमाणं आधी शेवट काढला. रंग वाळायच्या आत मला दाखवायला आणला. नाव काठाला लागलेली, हिरव्या लुगड्यातली बाई एक पाय पाण्यात टाकून उतरतेय, घाटावर कंदील. जपानी बाई हिरवं लुगडं कशाला नेसेल? पण मी ते बोलले नाही. मी काय म्हणाले ते ऐक, कारण यात माझाही हात आहे. मी म्हणाले, “झकास झालंय भावजी. उतरवा आईला. पोरीचं तोंड बघा, किती दिसांत हसली न्हाई.”

मग रोज साडेचारला टीव्ही बंद ठेवून दोघं त्याच जागी बसायची. तो एकेक पत्रिका पुढं धरायचा आणि गोष्ट सांगायचा. बारा-तेरा दिवस चाललं. शेवटच्या दिवशी आई उतरली. उज्वलानं ती पत्रिका हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि इतकंच विचारलं, “हे खरंच असं हुतं?”

तो म्हणाला, “व्हय. टीव्हीवाल्यांनी कळवलंय.”

हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल. पण खोटं टिकाऊ रंगात बोलला.

त्या पोरीनं वाट बघितली. नऊ वर्षं. कुणाला सांगून नाही, पण बघितली. शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली तरी जायची नाही, मुक्कामाला आत्याकडं जायची नाही, घराला कुलूप दिसायला नको म्हणून. दिवाळीत अंगणात एक पणती जास्त. अठरा पुरी झाली, बारावीचा निकाल लागला, त्या आठवड्यात ती पत्रिका पिशवीत घालून एकटी एस.टी.नं इस्लामपूरला गेली. बापाला सांगितलं नाही, मला सांगून गेली, आणि मी अडवलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत आली. आधी माझ्याकडं आली, तांब्याभर पाणी प्याली.

“भेटली का गं?”

“भेटली की. चहा दिला. दोन पोरं हायत तिला. त्यांनी इचारलं कोण म्हून, तर म्हणाली, रहिमतपूरची पाव्हणी हाय.”

“आणि?”

“आणि काय काकू. पाव्हण्यानं चहा झाल्यावर उठायचं असतंय.”

मग घरी गेली. ती पत्रिका बापाच्या रंगाच्या डब्यावर ठेवली आणि म्हणाली, “आबा, हे तुमचं तुमच्याकडं ऱ्हाऊ दे.” भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जूनमध्ये नर्सिंगला सांगलीला गेली, तिथंच दवाखान्यात लागली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन. “आबा, जेवला का? गोळ्या घेता का?” तोंडभरून गोड बोलायची, जशी पेशंटशी बोलत असेल तशी. यायचं विचारलं की “बघते.”

तो ‘बघते’ ऐकून फोन ठेवायचा आणि मला सांगायचा, “बघती म्हणाली, वैनी.”

गेल्या वर्षी तूच मला फोनवर सांगितलंस ना, कंदीलवालीचा सिनेमा आलाय, नव्यानं काढलाय, सांगलीत हिंदीत लागलाय. मी भिंतीवरनं हाक मारून ग्यानूला सांगितलं. तोवर त्याचा हात कापायला लागला होता. फ्लेक्सनं पाट्या नेल्या होत्या, राहिलेल्या नंबरप्लेटी त्या कापऱ्या हातानं नेल्या. पण त्या दिवशी माणूस दहा वर्षांनी ताठ झाला. त्यानं स्वतःहून उज्वलाला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून जोरात बोलला. “उज्वला, आपली कंदीलवाली आलीया सांगलीत. दुपारचा खेळ हाय. तू येशील नव्हं? तिघांची तिकिटं काढतो.” पलीकडून काय आलं ते मी त्याच्या तोंडावरून ओळखलं.

“बघती म्हणाली.”

सकाळच्या रेल्वेनं आम्ही दोघं गेलो. टोपी, धुतलेला सदरा. थेटरात त्यानं मधली खुर्ची मोकळी ठेवली, उज्वलाच्या दोन्हीकडनं आपण असावं म्हणून. दिवे गेले तरी दाराकडं बघत होता. मग सिनेमा सुरू झाला आणि दाराकडं बघायचं थांबला.

तू लिहिलंयस त्यातलं बरंचसं तो तिथं बसून कुजबुजत होता. पाणी इतकं खरं की पाय भिजल्यासारखं वाटावं. तो म्हणाला, “पाणी जमलंय. पर घाट हलतोय वैनी, घाट कसा हलंल?” पोरीचा आवाज बदललेला. तोंड आता बरोबर बोलण्याबरोबर मिटत होतं. चाळीस-पन्नास भागांची उतरलेली माणसं दहा मिनिटांत भराभर उतरून गेली. आणि काच पुसायचा तो भाग? एकदा फडकं फिरलं, झालं. “न्हाई पुसली,” तो म्हणाला. “अशी निघत न्हाई काजळी.”

पण शेवट आला. धुकं, वल्ह्याचा आवाज, नाव काठाला लागली. आणि आई उतरली, मने. एक पाय पाण्यात टाकून. तू म्हणतेस तो शेवट गुळचट आहे. मी त्या वेळी ग्यानूकडं बघत होते. तो उभा राहिला होता. मागचे ‘बसा की ओ’ म्हणत होते. “वैनी, उतरली की. बघा, उतरली. मी खोटं न्हवतो बोललो.” मोकळ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो रडत होता, आणि मला वाटलं, चला, देवानं या माणसाचं एक तरी माप पदरात टाकलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर उभे राहिलो. शेजारी कॉलेजच्या दोन पोरी, तुझ्यासारख्याच, हातवारे करून वाद घालत होत्या. एक म्हणाली, “वाट लावली शेवटाची. ओरिजिनलमध्ये आई येतच नाही.”

ग्यानूनं कप खाली ठेवला. “काय म्हणालीस बाळ?”

“आजोबा, हा रिमेक आहे. आधीच्या सीरियलमध्ये वेगळं होतं.”

“रिमेक म्हंजे?”

“म्हणजे जुनंच परत करायचं, पण लोकांना आवडेल असं. शेवट गोड करून.”

पोर गुणी होती. तिनं फोनवर जुन्या मालिकेचा शेवटचा भाग काढून त्याच्या हातात दिला. भाषा जपानी, एक शब्द कळत नव्हता, लागतही नव्हता. त्याच पाच लाटा. ती पोर कंदिलाची काच पुसते. स्वच्छ. खांबाला अडकवते, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. आणि घाटावर बसत नाही. नावेत जाते, म्हाताऱ्या नावाड्याच्या हातातलं वल्हं घेते आणि माणसं पल्याड सोडायला निघते. मागं वळून बघत नाही. संपलं.

“वाईट नाहीये ओ आजोबा,” ती पोर म्हणाली. “ती मोकळी होते.”

“व्हय,” तो म्हणाला. “तेच.” फोन तिच्या हातात नीट परत दिला.

स्टेशनवर बाकड्यावर बसलो तेव्हा बोलला. “वैनी, पयला रिमेक म्या केला. ह्या लोकांच्या लय आधी. टीव्हीवर अजून चार आठवडे चाललं असतं, तर पोरगी नवव्या वर्षीच उठली असती घाटावरनं. म्या बसवली.”

मी म्हणाले, “सिनेमातबी आई येतीच की. एवढी शिकलेली माणसं चुकत्यात व्हय?”

“त्यांची पोरगी कागदाची हाय.”

तेवढ्यात उज्वलाचा फोन आला. ड्यूटी सुटली नाही म्हणाली. सिनेमा कसा होता आबा? मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आता सांगेल, आता बोलेल. तो म्हणाला, “बरा हुता. जुना जास्त बरा हुता. तू जेवलीस का?”

त्यानंतर तो गुरुवारी गुरुवारी घराला कुलूप लावून कुठंतरी जायला लागला. विचारलं तर म्हणायचा, औषध आणाय. थंडीत माझा डोळा दाखवायला मी सांगलीला गेले, उज्वलाच्या दवाखान्याच्या रस्त्यानं, तर फाटकासमोर शहाळीवाल्याच्या गाड्याआड हा उभा. तीच टोपी. मी हाक मारणार, तेवढ्यात ड्यूटी सुटली आणि पाच-सहा नर्सा बाहेर आल्या. उज्वला मधी, कशावर तरी खळखळून हसत. तिला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. ती गाड्यापर्यंत आली तसा ग्यानू चटकन भिंतीकडं वळला आणि तिथल्या फाटक्या जाहिरातीवरची अक्षरं वाचायला लागला, एकेक अक्षर बोटानं धरल्यासारखी. ती त्याच्या पाठीमागून हातभर अंतरावरून गेली.

मी जवळ जाऊन म्हणाले, “भावजी, हाक का न्हाई मारली?”

तो वळलाच नाही. म्हणाला, “सांगाय गेलो तर परत गोडच करीन, वैनी. मला दुसरं येत न्हाई.”

डॉक्टरनं दिलेली वेळ झाली होती, मी तिकडं गेले. तासाभरानं परत आले तेव्हा तो तिथं नव्हता. बोलताना मी त्याला तेव्हाच शेवटचं पाहिलं. पुढच्या पंधरवड्यात झोपेतच गेला.

उज्वला आली, सगळं तिनंच केलं. दहाव्याला, माणसं पांगल्यावर, मला म्हणाली, “काकू, आबांना सिनेमा आवडला हुता का ओ?”

बघ, तीच सांगायची वेळ होती. गुरुवारचं सांगता आलं असतं, स्टेशनवरचं सांगता आलं असतं. मी म्हणाले, “लय आवडला. आई उतरली तवा उभाच राहिला.”

ती हसली, पेशंटशी हसतात तशी, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. घर आता कुलपात आहे. मी फोन केला की म्हणते, बघते.

तर मने, जुनं बरं की नवं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगायचं होतं, तुझ्या कामाचं असेल तर घे. येत्या रविवारी ये. सकाळची गाडी धर, स्टेशनवर मी रिक्षा पाठवते. आणि येणार नसलीस तर ‘नाही’ म्हण, मला चालेल, मी जेवून घेईन. ‘बघते’ तेवढं म्हणू नकोस. पण ये गं, लवकर ये.